रेट्रो बास्केटबॉल बूट: रूप आणि आराम यांत तडजोड नेमकी कुठे करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याला एअर जॉर्डन १ हाय (नायकेचा, मायकेल जॉर्डनच्या नावाचा उंच कॉलरचा बूट) मनापासून आवडतो, त्याच मालिकेतल्या जॉर्डन ४ वरही डोळा आहे. कामावर रोज आठ-नऊ तास उभं राहावं लागतं, पंजा रुंद आहे आणि रविवारी मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळणं होतं. ओळखीचे लोक सांगतात की हे जुन्या घाटाचे बूट म्हणजे पायाला शिक्षा. तर आत जेलचं इनसोल टाकून भागेल का, की हौस बाजूला ठेवून सरळ मऊ रनिंग शूज घ्यावेत?

माझा धंदा बूट पायाला बसवून देण्याचा आणि दुरुस्तीचा. सोल उखडून आत काय भरलंय ते नेहमी पाहतो, त्यामुळे खोक्यावर काय छापलंय यापेक्षा वापरलेल्या बुटाच्या आतल्या खुणांवर माझा जास्त भरवसा. रेट्रो बुटाने छळलं म्हणून जे लोक येतात, त्यांच्या बुटात बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. करंगळीपाशी अस्तर विरलेलं, टाचेमागे कापड घासून भोक पडलेलं, आणि तळाची गादी मात्र जवळजवळ कोरी. म्हणजे दोष गादीला दिला जातो आणि चावतो आकार. अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. गादी पातळ असेल तर ती सोसता येते, तिच्यात थोडी भरही घालता येते. ज्या कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, बूट घडवला ते तुमच्या पायाशी जुळत नसेल, तर त्यावर फारसा इलाज नाही. तडजोड करायचीच तर गादीत करा, रुंदीत करू नका.

आता हे बूट असे का लागतात ते बघू. कॉन्व्हर्सचा ऑल स्टार, ज्याला सगळे चक म्हणतात, १९१७ चा: कॅनव्हासचा वरचा भाग आणि उष्णतेने चिकटवलेला सपाट रबरी सोल. आदिदासचा सुपरस्टार १९६९ चा, चामड्याचा, पुढे रबराचं शिंपलं. प्यूमाचा क्लाइड १९७३ चा, बास्केटबॉलपटू वॉल्ट फ्रेझरच्या टोपणनावाचा, स्वेडचा. नायकेने १९८२ मध्ये एअर फोर्स १ काढला. ब्रूस किलगोर यांनी रेखाटलेला हा नायकेचा पहिला बास्केटबॉल बूट, ज्याच्या टाचेत हवेची पिशवी होती. १९८५ मध्ये पीटर मूर यांचे एअर जॉर्डन १ आणि डंक आले. त्या-त्या काळी हे अव्वल दर्जाचे खेळाचे बूट होते. त्यांना कुणी आरामात कमी म्हणून बनवलं नव्हतं. त्या वेळी हाताशी जे रबर, जो फोम आणि जे चामडं होतं, त्यातून एवढंच जमत होतं.

अडचण अशी की आज ज्या रूपावर आपण भाळतो, ते रूप त्याच मर्यादांमधून आलंय. जॉर्डन १ देखणा का दिसतो? कारण त्याचा सोल पातळ आणि सपाट आहे, बाजूची रेषा जमिनीला समांतर जाते, आणि चामडं पायाभोवती घट्ट उभं राहतं. त्याखाली आजच्या रनिंग शूजसारखा जाडजूड फोम घातला की तो बूट जॉर्डन १ राहत नाही. रूप आणि आराम यांचं भांडण बुटाच्या एकाच भागात, तळाच्या त्या थोड्याशा उंचीत, चाललेलं असतं. कंपन्यांनी ते मिटवायचे प्रयत्न केलेत. कॉन्व्हर्सने २०१५ मध्ये चक २ आणला, आत नायकेच्या ल्युनारलॉन फोमचं इनसोल घालून. पायाला तो नक्कीच मऊ होता, पण जुन्या चकची जागा त्याला घेता आली नाही आणि थोड्याच वर्षांत तो गेला. त्याच्या दोन वर्षं आधी आलेला चक ७० मात्र टिकला. त्यात जाड कॅनव्हास आणि थोडी बरी गादी होती, पण घाट १९७० च्या सुमाराचाच ठेवला होता. दुसरं उदाहरण डंकचं. मूळ डंकमध्ये हवेची पिशवी नव्हतीच. २००२ मध्ये स्केटबोर्डवाल्यांसाठी जो डंक एसबी निघाला, त्यात जीभ जाड केली आणि इनसोलच्या टाचेत झूम एअर, म्हणजे नायकेची पातळ हवेची गादी, बसवलं. बाहेरून डंकच, सुधारणा सगळी आत. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो आणि तुम्हालाही त्याच दिशेने पाठवणार आहे.

गादीचं महत्त्व मी कमी करतोय असं वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो, तो सर्वश्रुत आहे. ८ मार्च १९९८ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मायकेल जॉर्डन मुद्दाम आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीचे जॉर्डन १ घालून उतरला. ४२ गुण काढले, पण पाय रक्तबंबाळ झाले. ज्याच्या नावाचा बूट, त्याच्याच पायाला तो एक सामना झेपला नाही. त्या तेरा वर्षांत बुटांचं तंत्र कुठल्या कुठे गेलं होतं. १९८८ च्या जॉर्डन ३ मध्ये टिंकर हॅटफिल्ड यांनी टाचेतली हवेची पिशवी बाहेरून दिसेल अशी केली, १९९५ च्या जॉर्डन ११ मध्ये कार्बन फायबरची पट्टी आली, त्यानंतरच्या जॉर्डन १२ मध्ये पूर्ण लांबीचं झूम एअर आलं. या सगळ्याची सवय झालेल्या पायांना पुन्हा १९८५ मध्ये नेलं की काय होतं, ते त्या रात्री दिसलं. इथे लक्षात घ्या, तो खेळत होता, उभा नव्हता. हा फरक तुमच्या प्रश्नात फार मोठा आहे.

तेव्हा आधी खेळाचं मिटवून टाकू. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, उडी मारून खाली येताना त्याहून जास्त. तिथे गादी लागतेच, आणि बूट बाजूला झुकू नये म्हणून रुंद तळही लागतो. तासभर गंमत म्हणून चेंडू टाकायचा असेल तर जॉर्डन १ चालेल. पण धावपळीचा सामना खेळत असाल तर खेळासाठी आजच्या बनावटीचा वेगळा जोड ठेवा. एकाच जोडावर नोकरी आणि खेळ दोन्ही भागवणाऱ्यांचे बूट माझ्याकडे लवकर येतात आणि गुडघ्यांच्या तक्रारीही सोबत आणतात. जाता जाता आणखी एक. उंच कॉलरमुळे घोटा मुरगळत नाही या समजुतीवर हाय-टॉप घेऊ नका. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कॉलेजच्या सहाशेहून अधिक हौशी बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि बुटके बूट वाटून दिले होते, आणि मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक निघाला नाही. कोबी ब्रायंटने तर पुढे स्वतःच्या नावाचा बूट हट्टाने लो-कट करून घेतला. उंच कॉलर आवडते म्हणून घ्या, तेवढं कारण पुरेसं आहे.

उरलं उभं राहणं, आणि खरा विचार इथेच करायचा आहे. उभ्या माणसाच्या पायाला धक्के बसत नाहीत, त्याच्यावर एकाच जागी तासन् तास दाब राहतो. त्यामुळे दुकानात पाच मिनिटं स्वर्गसुख देणारी फार मऊ गादी दुपारपर्यंत दबून जाते. मग तळवा खालच्या कठीण थरावर टेकतो आणि वर घोट्याला दिवसभर तोल सांभाळत बसावं लागतं. उभ्या कामासाठी मी थोडी टणक, सपाट आणि सगळ्या तळव्याला टेका देणारी बैठक पसंत करतो. या कसोटीवर जॉर्डन १ किंवा एअर फोर्स १ लोक म्हणतात तितके वाईट ठरत नाहीत. वजन उचलण्याचा व्यायाम करणारे लोक मुद्दाम सपाट, न दबणारा चक घालतात, तेही याच गुणासाठी. मात्र चकसारखा अगदी पातळ सोल दिवसभर फरशीवर उभं राहायला मी सांगणार नाही. तिथे टाच संध्याकाळपर्यंत बोलायला लागते.

शिवाय उभं राहिल्याने पाय सुजतो. सकाळी नीट बसणारा बूट संध्याकाळी आवळतो, आणि रुंद पंजाच्या माणसाला हे आधी जाणवतं. म्हणून माप संध्याकाळी घ्या, उभं राहून घ्या, दोन्ही पायांचं घ्या. पायाची लांबी दोन प्रकारे मोजायची असते. एक टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत, आणि दुसरी टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत. मापाची जी धातूची पट्टी दुकानांत असते, तिच्यावर दोन्हींची सोय आहे, पण बहुतेक लोक पहिलंच माप पाहून मोकळे होतात. पाय जिथे वाकतो तिथेच बूट वाकला पाहिजे. जॉर्डन १ चा कपसोल, म्हणजे वरच्या भागाला कडेने शिवलेला वाटीसारखा रबरी सोल, नवा असताना चांगलाच ताठ असतो. तो चुकीच्या जागी वाकला तर चवड्याला दिवसभर त्याच्याशी झगडत राहावं लागतं. लोक त्याला ‘बूट कडक आहे’ म्हणतात, प्रत्यक्षात माप चुकलेलं असतं.

रुंदीची परीक्षा सोपी आहे. बुटातलं इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. पुढे अंगठ्याच्या टोकापलीकडे साधारण एक सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. बाजूंनी करंगळीचा किंवा अंगठ्याच्या मुळाचा भाग काठाबाहेर सांडत असेल, तर तो बूट तुमचा नाही, मग विक्रेता ‘घालून घालून सैल होईल’ असं कितीही म्हणो. काही रेट्रो बुटांत इनसोल चिकटवलेलं असतं, तिथे आत हात घालून बोटांनी चाचपावं लागतं.

‘सैल होईल’ हे किती खरं, ते सामानावर अवलंबून आहे. मऊ चामडं आणि स्वेड रुंदीत थोडं सैलावतात, लांबीत कधीच नाही. वर रंगाचा जाड थर दिलेलं चामडं फारसं ताणत नाही, ते वळीच्या जागी भेगाळतं. चमकदार पेटंट लेदर आणि प्लास्टिक तर हलतच नाही. जॉर्डन ४ बद्दल माझी नापसंती यातूनच आली आहे. दिसायला तो माझ्या मते त्या मालिकेतला सर्वांत रुबाबदार बूट आहे, पण पुढचा भाग निमुळता, बाजूला लेससाठी प्लास्टिकचे पंख आणि पुढे करंगळीपाशी कडक बांधणी. रुंद पंजाचे लोक त्यात करंगळीवर कुरूप घेऊन येतात. साच्यावर चढवून मी तो ताणून देतो, पण मिळतात ते जेमतेम काही मिलिमीटर, आणि प्लास्टिक जिथे दाबतं तिथे तेही नाहीत. घरी हेअर ड्रायरने गरम करून ताणण्याचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका. सोल सोडवायचा असतो तेव्हा आम्हीही उष्णताच वापरतो. गोंद तिला सैल पडतो.

आता जेलच्या इनसोलकडे येतो. बुटात पायासाठी ठरावीक पोकळी असते. जाड इनसोल टाकलं की पाय वर उचलला जातो, पंजा बुटाच्या छताला टेकतो आणि टाच मागच्या खोबणीतून वर येऊन घासायला लागते. म्हणजे गादी वाढवताना तुम्ही रुंदी आणि पकड दोन्ही गमावता. रुंद पंजाच्या माणसाला हा सौदा महाग पडतो. मूळ इनसोल निघत असेल तर ते काढून त्याच जाडीचं, पण चांगल्या पॉलियुरेथेन फोमचं टाका. तीन ते पाच मिलिमीटर पुरे. मूळ चिकटवलेलं असेल तर त्याच्यावर दुसरं थापू नका, नीट सोडवून घ्या. जेल हाताला छान लागतं, पण ते जड असतं आणि उभ्या कामात त्याचा फायदा मला फारसा दिसलेला नाही. स्वस्त मेमरी फोम तर काही आठवड्यांत पापड होतो.

कमानीचा आधार कुणाला किती लागतो, हे मी तुमचा पाय पाहिल्याशिवाय सांगणार नाही. टाचेत सकाळी उठल्या उठल्या कळ येत असेल, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर ‘थोडे दिवस चावेल, मग बसेल’ हा हिशेबच लागू होत नाही, कारण बूट चावतोय हे कळणारच नाही.

थोडा भाग हौशीमुळे ओढवून घेतलेल्या त्रासाचा. उंच कॉलरच्या वरच्या दोन जोड भोकांत लेस न घालता बूट उघडा ठेवायची फॅशन आहे. दिसतं झकास, पण त्यामुळे टाच मोकळी होते आणि प्रत्येक पावलाला वरखाली होते. फोड तिथेच येतात. दिवसभर उभं राहायचं असेल त्या दिवशी निदान वरचं एक भोक सोडून बाकी लेस आवळा. पंजा आवळत असेल तर खालच्या बाजूला, जिथे दाब लागतो तिथली आडवी लेस वगळून पुढच्या भोकात न्या, पुष्कळ फरक पडतो. दुसरं म्हणजे वळ्या पडू नयेत म्हणून बुटाच्या पुढच्या भागात घालतात ते प्लास्टिकचे कवच. एअर फोर्स १ वाल्यांमध्ये याचं फार वेड. पाय वाकतो म्हणून चामड्याला वळी पडते. ती थांबवायची म्हणजे पायाला वाकू द्यायचं नाही. काही जण तर वळी वाचवायला बदकासारखे चालतात. फोटोपुरतं ठीक आहे, नोकरीच्या जागी ते कवच काढून ठेवा.

जुने, न वापरलेले जोड शोधत असाल तर एवढं ध्यानात असू द्या. जॉर्डन ३, ४, ५, ६ यांच्या मिडसोलमध्ये, म्हणजे सोलच्या मधल्या गादीच्या थरात, पॉलियुरेथेन असतं. ते हवेतला ओलावा शोषून वर्षानुवर्षांत ठिसूळ होतं आणि एक दिवस पायाखाली भुगा होतं, मग बूट खोक्यातून बाहेर आला असो वा नसो. वरून कोरे दिसणारे असे जोड पहिल्याच फेरीत फुटलेले मी पाहिलेत. जॉर्डन १, डंक आणि सुपरस्टारचा रबरी कपसोल तुलनेने पुष्कळ टिकतो, तिथे गोंद सुकतो आणि शिलाई-चिकटाईवर काम भागतं. घालायला बूट हवा असेल तर अलीकडच्या वर्षांत बनलेलाच घ्या.

तर तुमच्यासाठी: जॉर्डन ४ सोडा. जॉर्डन १ हाय घ्यायला हरकत नाही, मात्र इनसोलवर उभं राहून पंजा आत मावला तरच. मावत नसेल तर अर्धं माप वाढवून पाहा, पण टाच सुटायला लागली तर तिथेच थांबा. लांबी वाढवून रुंदी मिळवण्याचा हा उपाय अर्ध्या मापापुढे चालत नाही. जॉर्डन १ ची एक कम्फर्ट आवृत्तीही निघते, आत झूम एअर आणि कॉलर मऊ. घाट जवळजवळ तोच राहतो. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण आठ तास फरशीवर त्यांना उभं राहायचं नाहीये. तोही बसला नाही तर एअर फोर्स १ पाहा. पुढून तो ऐसपैस असतो, तळ जाड असतो, आणि माप साधारण अर्ध्याने मोठं येतं, म्हणून नेहमीच्या मापाच्या अर्धं खालीही घालून पाहा. सुपरस्टार आणि चक यांनाही मापाचा हाच नियम लागतो. सुपरस्टारच्या पुढचं रबरी शिंपलं मात्र कधीच ताणत नाही, तेव्हा बोटांना तिथे पहिल्या दिवशीच मोकळं वाटलं पाहिजे.

नवा जोड लगेच पूर्ण दिवस कामावर नेऊ नका. आधी घरात, मग अर्धा दिवस, आणि शक्य असेल तर एक दिवसाआड, म्हणजे चामड्यातला घाम सुकतो आणि फोमलाही पुन्हा फुगायला वेळ मिळतो. दुकानात जाताना संध्याकाळची वेळ ठरवा आणि कामावर घालता तेच मोजे सोबत घेऊन जा.